गाडीचं ॲव्हरेज पडलं: पेट्रोल जास्त जळतंय की जोर वाटेत अडकतोय?

लिटरला साठ किलोमीटर देणारी मोटारसायकल पंचेचाळिसावर आली की पहिला संशय पंपावर जातो, दुसरा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलवर. मग गाडी गॅरेजला जाते, मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवतो, "आता बघा" म्हणतो आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं सुरू होतं.

ॲव्हरेज पडायची कारणं पंचवीस सांगता येतील, पण सगळी दोनच खात्यांत जमा होतात. पहिलं खातं इंजिनाचं: तेवढ्याच कामाला ते जास्त पेट्रोल जाळतंय. दुसरं खातं इंजिनाच्या पुढचं: इंजिन ठणठणीत आहे, पण त्याने तयार केलेला जोर क्लच, चेन, ब्रेक, टायर यांत कुठेतरी जिरतोय. दुसऱ्या खात्यातली बरीचशी दुरुस्ती फुकटात होते, आणि गॅरेजात सगळ्यात कमी तपासलं जातं ते हेच खातं. म्हणून शोध तिथून सुरू करायचा. पण त्याआधी आकडा खरा आहे की नाही ते पाहू.

मोजमाप

"शंभरचं टाकलं आणि नाशिकरोडला दोनदा जाऊन आलो तर संपलं" हे मोजमाप नव्हे. शंभर रुपयांत आज लिटरभरही पेट्रोल येत नाही. रिझर्व्हला लागल्यापासून परत रिझर्व्हला लागेपर्यंतचा हिशोबही कच्चाच, कारण गाडी चढावर आहे की उतारावर, त्यानुसार रिझर्व्ह मागेपुढे लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मीटरवर दिसणारं ॲव्हरेज तर निव्वळ अंदाज असतो.

खात्रीची पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि नोझल आपोआप बंद होईल तिथेच थांबवा. पंपावरचा पोऱ्या "राउंड फिगर करू का?" विचारेल, त्याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्य करा आणि २५० ते ३०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, गाडी तशीच मेन स्टँडवर ठेवून परत ऑटो कटपर्यंत भरा. २८७ किलोमीटर झाले आणि ५.३० लिटर बसलं, तर ॲव्हरेज ५४.

एवढं अंतर कशासाठी? टाकी भरताना दोन-तीनशे मिलीचा फरक सहज पडतो. पाच लिटरच्या हिशोबात ३०० मिली म्हणजे सहा टक्के, एका लिटरच्या हिशोबात तीस टक्के. साठची गाडी बेचाळीस दिसायला तेवढं पुरेसं आहे. असं लागोपाठ दोनदा मोजा. दोन्ही आकडे तीन-चार टक्क्यांच्या आत जुळले तरच त्यावर विश्वास ठेवा.

पंपावर संशय असेल तर भांडत बसायची गरज नाही. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतची चूक चालते, म्हणजे अर्धा टक्का. त्यापेक्षा जास्त तूट निघाली तर तक्रार करा, पण लिटरमागे पाव लिटर गायब होण्याचं कारण बहुतेक वेळा पंप नसतो.

मोजताना रस्त्याचाही विचार हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. मुंबईला जाताना कसाऱ्याचा उतार मिळतो आणि येताना तोच घाट चढायचा असतो. नुसत्या जाण्याचं ॲव्हरेज सांगून कोणी छाती फुगवत असेल तर येतानाचंही विचारा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा असतो, त्यामुळे घोटी-इगतपुरीकडे किंवा त्र्यंबककडे जाताना तो तोंडावर येतो. म्हणून हिशोब नेहमी जाऊन-येऊन करा, आणि जुलैच्या आकड्याची तुलना फेब्रुवारीच्या आकड्याशी करू नका.

इथेनॉलचा वाटा किती

एका लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या दोन-तृतीयांशच एका लिटर इथेनॉलमध्ये असते. म्हणजे दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर आलो की लिटरमागची ऊर्जा सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरलेली आहे. साठच्या गाडीला हे दोन-अडीच किलोमीटर झाले. साठवरून पंचेचाळीस ही पंचवीस टक्क्यांची घसरण आहे. तिचं सगळं बिल इथेनॉलच्या नावावर फाडलं की खरी खोट तशीच राहते.

इथेनॉलचा दुसरा त्रास मात्र खरा आहे. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. इगतपुरीच्या पावसात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर टाकीचं झाकण उघडा आणि कडेला पाणी वाहून जायला ठेवलेलं बारीक भोक पाहा. ते चिखलाने बुजलं तर साठलेलं पाणी टाकीत उतरतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत रबरी नळ्या, ओ-रिंग आणि फ्लोट व्हॉल्व्हचं (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारी झडप) रबरी टोक फुगतं किंवा कडक होतं, आणि मग पेट्रोल गळायला लागतं. इथेनॉलमुळे झालेलं नुकसान साडेतीन टक्क्यांच्या वर जातं ते अशा गळतीतून.

कोणतं खातं, हे ओळखायच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी चाकांची. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चेन ओढत असते म्हणून ते लवकर थांबेल, तरी दीड-दोन फेरे व्हायला हवेत. पुढचं चाक उचलून फिरवलं तर त्याहून जास्त फिरलं पाहिजे. हलका खर्र आवाज चालतो, पण चाक अर्ध्या फेऱ्यात जागच्या जागी थांबत असेल तर ब्रेक धरतोय. मग वीसेक मिनिटं गाडी चालवा, शक्यतो ब्रेक कमी मारत, आणि उतरल्यावर बोट हलकेच हबला लावा (डिस्कला थेट हात नको, भाजेल). कमी ब्रेक मारूनही हब चटका देत असेल तर ती उष्णता म्हणजे तुमचं पेट्रोल आहे.

हीच चाचणी रस्त्यावरही होते. सुट्टीच्या दिवशी अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतला एखादा सपाट, मोकळा रस्ता गाठा. ताशी चाळीसवर गाडी न्यूट्रल करा आणि वेग वीसवर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. चढ-उतार आणि वाऱ्याचा फरक निघून जावा म्हणून उलट दिशेनेही मोजा आणि सरासरी काढा. त्याच मॉडेलची दुसऱ्या कोणाची गाडी मिळाली तर तिच्यावरही तेच करा. तुमची गाडी ठळकपणे लवकर थांबत असेल तर दोष चाकं, ब्रेक, चेन यांतच आहे. कार्बोरेटरला अजून हात लावू नका.

दुसरी चाचणी स्पार्क प्लगची. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून आल्यावर इंजिन जागेवर जास्त वेळ चालू न ठेवता बंद करा, थोडं निवू द्या आणि प्लग काढा. टोकाचा पांढरा चिनीमातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर मिश्रण कोरडं आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, त्याबद्दल पुढे येईलच. प्लग काढलाच आहे तर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) त्याची फटही पाहा. गाडीनुसार ती ०.६ ते ०.९ मिमी असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. बसवताना तो आधी हाताने पूर्ण आवळा. नवा असेल तर त्यानंतर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्यापेक्षाही कमी. जास्त जोर लावला तर हेडमधले आटे जातात, आणि तो खर्च वर्षभराच्या पेट्रोलच्या बचतीहून मोठा असतो.

जोर अडकतो तिथे

टायरपासून सुरू करा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे एकट्याला २८-२९ लागते. डबल सीट असेल तर मागचा आकडा ३३ पासून काही गाड्यांत ४१ पर्यंत जातो. नेमका आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकरवर लिहिलेला असतो. बायको-पोरं घेऊन रोज फिरणाऱ्याने एकट्याची हवा ठेवली तर मागचा टायर दबून चालतो, तापतो आणि पेट्रोल खातो.

हवा टायर थंड असताना मोजायची. पंक्चरवाल्याकडे पाच किलोमीटर चालवत गेलात तर गेज दोन-तीन पीएसआय जास्तच दाखवणार. त्यातून त्याचं गेज किती खरं, हा वेगळा प्रश्न. खिशात मावणारं स्वतःचं गेज घ्या आणि घरीच, सकाळी गाडी काढायच्या आधी मोजा. नाशिकच्या थंडीत हे विशेष लक्षात ठेवा. दुपारी तीस अंशाला भरलेली हवा पहाटे दहा अंशावर सुमारे तीन पीएसआयने कमी भरते, आणि निफाड-पिंपळगावकडे पारा त्याहूनही खाली जातो. डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवसांतून एकदा हवा बघितली नाही तर टायर कायम कमी हवेवर पळतो. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढतं हे काही खरं नाही. हवा योग्य दाबाची असली की झालं.

ब्रेकवर जरा थांबू, कारण रोगाचं मूळ बहुतेक इथेच सापडतं. मागच्या ड्रम ब्रेकच्या पेडलला टोकाशी २० ते ३० मिमी मोकळी चाल हवी. बरेच जण "ब्रेक कडक पाहिजे" म्हणून नट आवळत जातात, चाल पाच मिमीवर येते आणि शू ड्रमला घासतच राहतो. चाल बरोबर असूनही चाक अडत असेल तर शू फाकवणारा आतला कॅम जाम असतो. पावसाळ्यातला चिखल आणि एरवीची धूळ त्याच्या दांड्यावर बसते, ग्रीस वाळून जातं, आणि पेडल सोडल्यावर शू मागे यायला हवेत ते येत नाहीत. चाक काढा, शू उतरवा, आतली काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसा (फुंकर मारू नका, ती नाकात जाते), कॅमचा दांडा काढून पॉलिश पेपरने साफ करा आणि अगदी पातळ ग्रीस लावून बसवा. ग्रीस शूच्या लायनरला लागता कामा नये. ताण गेलेली स्प्रिंग त्याच वेळी बदलून टाका. शेवटी एका माणसाला सीटवर बसवून पेडलची चाल परत मोजा, कारण काही गाड्यांत वजन पडल्यावर ब्रेकचा रॉड ओढला जातो.

डिस्कच्या गाडीत दुखणं वेगळं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या सुकल्या की एका बाजूचं पॅड डिस्कला चिकटून राहतं. पिना काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस वापरलं तर रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. आणखी एक गोष्ट सहज निसटते: बाजारातून हौसेने बसवलेला रंगीत लिव्हर. त्याचं टोक मास्टर सिलिंडरचा पिस्टन किंचित दाबून ठेवत असेल तर ब्रेक ऑइल परत जायची वाट बंद राहते. गाडी सुरुवातीला मोकळी असते, तापली की ब्रेक आपोआप धरतो आणि निवली की सोडतो. अशा गाडीने मेकॅनिकसुद्धा चक्रावतो, कारण ती गॅरेजात थंड अवस्थेत तपासली जाते.

आणि एक सवय. गर्दीत उजवा पाय पेडलवर टेकवून चालवणारे पुष्कळ असतात. मागून येणाऱ्याला विचारा, ब्रेक लाइट सारखा पेटतोय का?

चेन फार सैल असली की आवाज करते, म्हणून सगळे ती आवळतात. ॲव्हरेज मात्र फार ताणलेल्या चेनमुळे जास्त पडतं, शिवाय गिअरबॉक्सचं बेअरिंगही खराब होतं. खालच्या बाजूला मधोमध दाबून-उचलून पाहा, २० ते ३० मिमी हालली पाहिजे. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा. एके ठिकाणी सैल आणि एके ठिकाणी टाइट लागत असेल तर चेन असमान ओढली गेलीय आणि चेन-स्प्रॉकेटचा सेटच बदलायला झालाय. ताण दिल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेषेवर आहेत ना, हेही पाहा. चाक तिरकं बसलं तर टायर, चेन आणि बेअरिंग तिन्ही ओढत राहतात. पाचशे-सातशे किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर चेन रॉकेलने पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे लावा. जुनं इंजिन ऑइल ओतायची पद्धत सगळीकडे आहे, पण त्यातली काजळी आणि धातूचा कीस चेन झिजवतो.

क्लच घसरतोय का, हे चढावर कळतं. नांदुरीहून सप्तशृंग गडावर चढताना किंवा कसारा घाटात रेस वाढते, इंजिन ओरडतं आणि वेग मात्र तेवढाच राहतो. सपाटीवर टॉप गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण पिळला तरी हेच दिसेल. आधी केबल बघा: लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी चाल हवी. ती शून्य असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. चाल ठीक असूनही घसरत असेल तर प्लेट झिजल्या. प्लेट बदलायच्या आधी ऑइलचा डबा मात्र बघा. मोटारसायकलमध्ये क्लच ऑइलातच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं ऑइल लागतं. स्वस्त पडतं म्हणून कारचं ऑइल टाकलं तर त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं नव्या प्लेटसुद्धा घसरवतात.

ऑइलबद्दल आणखी दोन शब्द. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत "उन्हाळा आहे, जाड टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं की इंजिनाला ते ढवळायलाच जोर लागतो. ठरलेल्यापेक्षा जास्त भरलं तरी तेच. बहुतेक लहान गाड्यांना ऑइल बदलताना ८०० मिली ते एक लिटर लागतं. गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा आणि डब्यात उरलेलं "राहू दे, टाकून टाक" म्हणू नका.

पेट्रोल जास्त जातं तिथे

चाकं मोकळी आहेत, क्लच धरतोय, टायरात हवा आहे, आणि तरी ॲव्हरेज कमी आहे. आता इंजिन.

एअर फिल्टर आधी. २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या रस्त्यांच्या कामांची धूळ आणि द्राक्षबागांकडचे कच्चे रस्ते पाहता, पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या बऱ्याच आधी तो बुजतो. कार्बोरेटरच्या गाडीत हवेची वाट बुजली की जेटमधून (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि प्लग काळा पडतो. एफआयच्या, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाडीत कॉम्प्युटर हवा कमी झाल्याचं ओळखून पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे तिथे आधी ताकद पडते आणि ॲव्हरेजवर परिणाम त्या मानाने थोडा होतो. फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळा, वाळवा आणि थोडं ऑइल लावून परत पिळून बसवा. कागदाचा कोरडा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारता येते. हल्ली बऱ्याच गाड्यांत तेल लावलेला कागदाचा फिल्टर येतो. तो धुवायचाही नाही आणि हवाही मारायची नाही, वेळ झाली की बदलायचा. सर्व्हिसिंगमध्ये त्यालाही सर्रास कॉम्प्रेसरची हवा मारली जाते, म्हणून हे तुम्हीच सांगायला हवं.

चोक अर्धवट ओढलेला राहणं ही थंडीतली हमखास चूक. मिनिटभरात तो बंद झाला पाहिजे. केबलचा चोक असेल तर हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून इंजिनाचा आवाज बदलतो का ते बघा. केबल ताणली जात असेल तर चोक नकळत उघडतो.

आता कार्बोरेटरचा तो प्रसिद्ध स्क्रू. तो फक्त स्लो रेसपासून ॲक्सिलरेटरच्या पहिल्या अष्टमांश-पाव भागापर्यंतचं मिश्रण ठरवतो. पाव ते पाऊण या भागात, म्हणजे जिथे गाडी दिवसभर चालते, कारभार असतो निडल, म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वरखाली होणारी सुई, आणि तिच्या पितळी नळीचा. पूर्ण पिळल्यावर मेन जेटचा. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत निडल त्या नळीत घासून घासून भोक लांबट होतं आणि तिथून जादा पेट्रोल वर येतं. यावर स्क्रू कितीही फिरवा, काही होणार नाही. निडल, नळी आणि फ्लोट व्हॉल्व्ह असा पूर्ण किट बदलावा लागतो. जेट साफ करायला तार घालू देऊ नका. पितळ मऊ असतं आणि भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा पुरते.

गाडी उभी असताना पेट्रोलचा कॉक चालू ठेवून कार्बोरेटरच्या खालची ओव्हरफ्लोची नळी बघा. ओली असेल किंवा पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह धरत नाही किंवा फ्लोटची उंची चुकली आहे.

सेटिंग करायचंच असेल तर दहा मिनिटं चालवून गरम झालेल्या इंजिनावर. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. जोर लावला तर त्याच्या टोकाने आत चरा पडतो आणि तो कार्बोरेटर कधीच नीट सेट होत नाही. मग दोन फेरे बाहेर काढा, गाडी चालू करा आणि पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत रेस जिथे सगळ्यात जास्त होते ती जागा शोधा. त्यानंतर रेसचा वेगळा स्क्रू सोडून ती १४०० च्या आसपास आणा आणि हे एकदा परत करा. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घेतला की कमी होतं. हे न बघता फिरवणाऱ्याच्या हातून उलटंच काम होतं.

"ॲव्हरेजला लावून द्या" असं मेकॅनिकला सांगणं मात्र टाळा. तो मिश्रण कोरडं करून देईल, प्लग पांढरा पडेल, इंजिन तापेल, ओव्हरटेक करताना गाडी अडखळेल. मग तुम्हीच ॲक्सिलरेटर जास्त पिळाल आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जाईल. पुढे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला तर हेड उघडावं लागतं.

टॅपेटकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, लहान गाड्यांत मिलिमीटरच्या पाच ते बारा शतांशाएवढी. फट वाढली की टिकटिक आवाज येतो, मालक तक्रार करतो, आणि आवाज घालवायला टॅपेट आवळले जातात. फट संपली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि पेट्रोल अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला महागात पडतो. फट इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच मोजायची, मॅग्नेटोवरची 'टी' ची खूण समोर आणून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना, आणि फिलर गेजने, अंदाजाने नाही. गरम गाडी आणून "लगेच टॅपेट करून द्या" म्हटलं तर जो ते करून देईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

एफआयच्या गाड्या

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर गेला. इथे फिरवायला स्क्रू नाही. किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर सेन्सरच्या सांगण्यावरून ठरवतो, म्हणून सेन्सर खोटं बोलला की ॲव्हरेज पडतं. किल्ली लावल्यावर पेटलेला इंजिनाचा दिवा गाडी सुरू झाल्यावरही जळत राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. दिवा विझला म्हणजे सगळं आलबेल, असं मात्र नसतं.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. सकाळी थंड गाडीला स्कॅनर लावा. इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेएवढं दिसलं पाहिजे, आणि चालवल्यावर सरळ चढत गेलं पाहिजे. तापलेल्या इंजिनाला तो वीस अंश म्हणत असेल तर कॉम्प्युटर थंडीतल्यासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सरचा आकडा गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली व्हायला हवा. एका जागी थिजला तर सेन्सर गेला. पण तो बदलायच्या आधी सायलेन्सरचा जोड हेडला नीट बसलाय का ते बघा. तिथे फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण कोरडं आहे, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. काही रुपयांच्या गॅस्केटपायी महागडा सेन्सर बदलला जातो तो असा. हौसेने बसवलेल्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरमध्येही हाच घोटाळा होतो.

चालवणाऱ्याचा हात

वेग चाळीसवरून साठवर गेला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. मुंबई-आग्रा हायवेवर सत्तरने जाणाऱ्याने पंचेचाळीसने जाणाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा करू नये. द्वारका चौकात क्लच अर्धा दाबून गाडी रेटत राहण्यापेक्षा न्यूट्रल करा, सिग्नल लांबणार असेल तर बंद करा. घर ते कंपनी तीन किलोमीटर असेल तर इंजिन नीट तापायच्या आतच प्रवास संपतो आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं. अशा वापरात दोष नसलेली गाडीही कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्यापासून दूरच राहणार. नवी गाडी पहिले हजार-दोन हजार किलोमीटर थोडं कमी देते, तिला दुरुस्तीला नेऊ नका.

दुरुस्ती एका वेळी एकच करा आणि प्रत्येकीनंतर टाकी फुल करून मोजा. फिल्टर, प्लग, कार्बोरेटर, ऑइल सगळं एकाच दिवशी बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत सगळ्याचं बिल भरावं लागतं.

एवढं सगळं होऊनही आकडा हलला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. प्लग काढून तिथे गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. आकडा पुस्तकातल्यापेक्षा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. सायलेन्सरमधून निळा धूर रेस देताना येत असेल तर तोही रिंगांकडेच बोट दाखवतो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना क्षणभर येत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. खर्चाला हो म्हणण्याआधी साधा हिशोब करा: महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी पंचेचाळीसवरून अठ्ठावन्नवर आली तर २२ लिटरऐवजी १७ लिटर लागतं, म्हणजे पाच लिटर वाचतं. बोअर-पिस्टनच्या खर्चाला या पाच लिटरच्या किमतीने भागा, किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते येईल. गाडी तितके महिने ठेवायची नसेल तर ऑइलची पातळी दर आठवड्याला बघत ती तशीच चालवा.